बाबा, ती कॅसेट तुमच्या हातून पुसली गेली नव्हती

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. समोर बसले की जीभ रेटत नाही, हे गेल्या दोन खेपांना अनुभवलं. म्हणून पत्र लिहितेय. आई, तू बाबांना वाचून दाखव. सावकाश वाच.

रंगकामासाठी माळा रिकामा केला तेव्हा कॅसेटींचा तो पत्र्याचा डबा मी पुण्याला घेऊन आले, आठवतंय? 'काय करायच्यात आता त्या,' असं तू म्हणालीस. मी काहीच बोलले नाही. मला त्यातली एकच हवी होती.

बाबा, तुम्ही स्वारगेट ड्यूटीवरून येताना कॅसेट आणायचात, ते दिवस मला सालासकट आठवतात. आधी आपल्याकडे दोन-चारच होत्या. एचएमव्हीची कॅसेट घ्यायची म्हणजे पगाराच्या दिवसाची वाट बघावी लागायची. मग गुलशनकुमारच्या टी-सीरिजच्या आल्या आणि चित्रच पालटलं. पानाच्या टपरीवर कॅसेटी, किराणा दुकानात कॅसेटी, स्टँडवर कॅसेटी. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी आजीसाठी आली. त्यांच्याच मुलाचं, आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं मात्र घरात लावायची सोय नव्हती, ते आम्ही वरातीत ऐकायचो. १९८८च्या उन्हाळ्यात दादाने हट्ट करून 'कयामत से कयामत तक' आणायला लावली. उदित नारायण आणि अलका याज्ञिकचे ते आवाज आपल्या पत्र्याखाली इतके वाजले की आजीसुद्धा दळण निवडताना तेच गुणगुणायची. गाणं विकत आणून, आपल्याला हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा ऐकायचं, हे आपल्यासारख्या घरात पहिल्यांदा त्या दहा वर्षांत घडलं. तोवर रेडिओ लावेल ते ऐकायचं, एवढंच हातात होतं.

टीव्हीचंही तसंच. सिंहगडावरचा टॉवर १९७३पासून होता, पण आपल्या आळीत पहिली अँटेना लागली ती खूप नंतर. 'हम लोग' आपण शेजारच्या काकूंकडे जमिनीवर बसून बघितलं, शेवटी अशोककुमार येऊन समजावून सांगायचा तेवढं आजीला आवडायचं. आपला शटरवाला क्राऊन आला तो १९८७च्या जानेवारीत, रामायण सुरू व्हायला आठच दिवस होते तेव्हा. सोसायटीचं कर्ज काढलंत, हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

त्या रविवारांबद्दल लिहायला बसले तर पत्र पुरणार नाही. साडेनऊला आपल्या दोन खोल्यांत तीस-पस्तीस माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग, आजी टीव्हीपुढे हळदीकुंकू घेऊन. आजीचं रामायण म्हणजे तोवर गीतरामायण. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, वर्षभरात छप्पन्न. ते ऐकायला ती कडेवरच्या बाबांना घेऊन वाड्यावर जायची, कारण रेडिओ तिथेच होता. त्यामुळे रामानंद सागरांचं रामायण तिने आधी जरा पारखूनच घेतलं. मग पडद्यावर कौसल्या आली आणि ती एकदम म्हणाली, 'अगं, ही तर आपली जयश्री गडकर!' पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चाललेल्या 'सांगत्ये ऐका'तली जयश्री गडकर. दशरथ झालेले बाळ धुरी हे तिचे खरेच यजमान, हे कळल्यावर तर आजीचा पुरता विश्वास बसला. मंथरा म्हणून ललिता पवार दिसल्या तेव्हा तिने बोटं मोडली, ती मी या डोळ्यांनी पाहिलीत.

आणि बाबा, तुम्ही त्या वेळी गाडीवर. रविवार सकाळची गाडी म्हणजे ड्रायव्हर, तुम्ही आणि मागे दोन-तीन डोकी, असं तुम्ही सांगायचात. एकदा खेड शिवापूरच्या हॉटेलापाशी ते दोन-तीन प्रवासीच म्हणाले, 'मास्तर, घडीभर थांबवा.' गाडी रस्त्याच्या कडेला, तुमची तिकीटपेटी मांडीवर, आणि तुम्ही हॉटेलच्या दारात उभं राहून अर्धा भाग बघितलात. घरी येऊन तो आजीला सांगितलात, तिने आधीच बघितलेला, तरी तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतला.

आता मुद्द्यावर येते.

१३ ऑक्टोबर १९८७ला किशोरकुमार गेला. अशोककुमारच्या वाढदिवशीच धाकटा भाऊ जावा, याचं आईला फार वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही टू-इन-वनजवळ बसून त्याची गाणी ऐकत होतात, रेडिओवर तीच चालली होती. ऐकता ऐकता तुम्ही आईला म्हणालात, 'माणूस गेला, पण आवाज राहिला. आपल्या आईचा आवाज कुठे ठेवलाय आपण?' मी तेव्हा आठ वर्षांची. भिंतीला टेकून गृहपाठ करत होते. हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही, पण राहिलं.

नऊ-दहा दिवसांवर दिवाळी होती. तुम्ही पुण्याहून साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणलीत. पाडव्याला पहाटे आजीला जात्याशी बसवलंत, टू-इन-वन पाटावर ठेवलात, प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबलंत. दारातल्या बाया जमल्या. आजी आधी लाजली, मग लागली ती थांबेना. बाजू भरून खट् करून बटण वर आलं तेव्हा तुम्ही कॅसेट काढलीत, मागच्या कडेचा तो प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा स्क्रू-ड्रायव्हरने मोडलात आणि दादाला नि मला दाखवून सांगितलंत, 'आता यावर कुणाला काही भरता येणार नाही.' कव्हरवर तुमच्या अक्षरात लिहिलंत : आईच्या ओव्या.

रामायण १९८८च्या जुलैअखेर संपलं आणि श्रावणात आजी गेली.

त्या हिवाळ्यात 'तेजाब' आला. माधुरी दीक्षितचं 'एक दो तीन' शाळेत, स्टँडवर, गणपतीच्या मांडवात ठेवून दिलेल्या कर्ण्यांतसुद्धा. आपल्या घरच्यासारखी वाटणारी एक मराठी मुलगी सगळ्या देशाला नाचवत होती, याचा आम्हा मुलींना केवढा अभिमान होता! सरोज खान यांनी बसवलेल्या त्या नाचासाठी फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कारच नव्याने सुरू केला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे कुडाळकर, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. मला ते गाणं हवं होतं. स्नेहसंमेलनात त्यावर नाचायचं होतं. कॅसेट मागायची हिंमत नव्हती, कारण त्या वर्षी आजीच्या दवाखान्याचा खर्च झालेला होता, तेवढं मलाही समजत होतं.

एका बुधवारी तुम्ही मुक्कामाच्या गाडीवर होतात. चित्रहारमध्ये ते गाणं लागणार म्हणून शाळेत बातमी होती. दादाच्या कॅसेटवर भरलं तर तो मारणार. डब्यात कोरी एकही नव्हती. मी आजीची कॅसेट घेतली, मोडलेल्या तुकड्याच्या खाचेत वहीचा कागद चावून, बोळा करून बसवला, आणि दोन्ही बटणं दाबली. बाबा, ती दाबली गेली. टू-इन-वन टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला आणि चित्रहार संपेपर्यंत हलले नाही. मग बोळा काढून टाकला आणि कॅसेट होती तशी ठेवून दिली.

मला काय वाटलं होतं हे आज खरं सांगते. मला वाटलं, आजीचं खाली राहील आणि गाणं वर बसेल. रंगावर रंग देतात तसं. दुसऱ्या दिवशी लावून पाहिलं तेव्हा समजलं, आणि हातपाय गार पडले.

आजीच्या वर्षश्राद्धाला तुम्ही पाहुण्यांसमोर ती कॅसेट लावलीत. आत्या पदर सावरून बसली होती. आणि आतून चित्रहार निघालं. तुम्ही अर्ध्या मिनिटात बंद केलंत. आम्हा दोघांवर हात उगारला नाहीत, ओरडलाही नाहीत. कॅसेट उलटसुलट करून खिडकीतल्या उजेडात धरलीत आणि म्हणालात, 'पोरांचा दोष नाही. मीच दुसऱ्या बाजूचा तुकडा मोडला वाटतं.'

बाबा, तुम्ही बरोबर बाजूचाच मोडला होता. मला माहीत होतं, कारण कागद मीच कोंबला होता. त्या दिवसापासून तुम्ही टू-इन-वनच्या बटणांना हात लावला नाहीत. 'मला त्यातलं कळत नाही,' म्हणायचात. दादाच्या लग्नात व्हिडिओ कॅसेट लावायला सांगितली तेव्हाही हेच. मोबाइल घेऊन दिला तेव्हाही हेच. दर वेळी माझ्या पोटात कालवायचं आणि दर वेळी मी गप्प बसले. मला माफ करा. त्या कॅसेटला तुमचा हात लागून काही बिघडलं नव्हतं. ते माझं काम होतं.

आता पुढचं नीट ऐका.

डबा घेऊन मी तापकीर गल्लीत गेले. एका काकांनी जुन्या प्लेअरचा बेल्ट बदलून दिला, हेड स्पिरिटने पुसलं, फीत पेन्सिलने सैल करून घेतली. रात्री जेवणं आटोपल्यावर लावली. आधी जाहिराती, मग गाणी. 'एक दो तीन' तर आहेच, पण मध्येच 'उमराव जान'मधलं आशाबाईंचं एक गाणं लागतं आणि त्याच्यासोबत, पडद्याच्या अलीकडून, कुणीतरी गातंय. आई, ती तू आहेस. शेंगा फोडल्याचा आवाज येतोय आणि तू खय्यामच्या त्या चालीला एकही हरकत न सोडता गातेयस. मधेच 'कुकर बघ गं' म्हणालीस आणि पुन्हा अगदी नेमकी जागेवर आलीस. तू इतकी चांगली गायचीस हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळलं.

मग चित्रहार संपलं, माझं बटण खट् वाजलं. मी प्लेअर बंद करायला हात पुढे केला आणि आजी आली.

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. चित्रहार त्याहून थोडं कमी. शेवटचं मी पुसलंच नव्हतं. बाबांनी अर्ध्या मिनिटात बंद केलं आणि मी पुन्हा कधी लावायला धजले नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ताच नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद आहेत. जात्याची घरघर आहे, बांगड्या आहेत, दोन ओव्या पूर्ण आहेत. त्यानंतर ती म्हणते, 'झालं का रं बाळा? किती गाऊ त्या डबड्याम्होरं?' आणि तुम्ही म्हणता, 'अजून एक म्हण, आई.' तेवढ्यात बाजू संपते.

त्या दोन ओव्यांच्या आधी, अगदी सुरुवातीला, अर्धीच ओळ ऐकू येते : 'पहाट आली उंबऱ्याला.' तिच्या आधीचं माझ्याखाली गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या डोंगरी भागात हिंडून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांपैकी बऱ्याच आता 'परी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या, संकेतस्थळावर आहेत. महिनाभर रोज रात्री तिथे शोधतेय. उंबऱ्यावरच्या पुष्कळ सापडल्या, आजीची नाही सापडली.

आई, तू तिच्यासमोर जात्याला बसायचीस. पहिला चरण तुला येत असेल. आठवेल तसा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेव, किंवा गाऊनच दाखव.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, प्लेअर सोबत आणते. बाबा, कानातलं यंत्र घालून बसा, त्याचे सेल संपले असतील तर आईला आजच फोन करायला सांगा, मी घेऊन येईन. आत्यालाही बोलावून घ्या. कॅसेट मी जागेवर आणून ठेवलीय. प्लेचं बटण तुम्ही दाबा.

तुमची,
छोटी