टेरेसच्या शेडमधल्या उदमांजराबाबत व्यवस्थापक समितीस पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, येऊर पायथा, ठाणे (पश्चिम)

विषय : बी विंगच्या टेरेस शेडमधील उदमांजर पिंजरा न लावता बाहेर काढणे व त्याच्या वाटा बंद करणे

महोदय,

सूचना फलकावरच्या नोटिशीनुसार शेडमधला 'मांजरासारखा जंगली प्राणी' पकडण्यासाठी पेस्ट कंट्रोलवाला पिंजरा लावणार आहे आणि त्याच दिवशी शेडची भोके सिमेंटने बुजवली जाणार आहेत. ही दोन्ही कामे कृपया थांबवावीत. भोके बुजवायला आमचा विरोध नाही, ती बुजवायलाच हवीत. पण आधी प्राणी बाहेर, मग जाळी, हा क्रम चुकला तर त्रास आजच्यापेक्षा वाढेल.

हा प्राणी उदमांजर आहे. कोकणातल्या सभासदांना तो कांडेचोर म्हणून ठाऊक असेल. कठड्यावरची विष्ठा जवळून पाहिली की शंका उरत नाही. तिच्यात वड-उंबराच्या बारीक बिया आणि चिकूच्या काळ्या चकचकीत बिया अख्ख्या दिसतात. मांजर आपली विष्ठा मातीत झाकते. उदमांजर उंचावर, उघड्यावर आणि शक्यतो ठरलेल्या जागीच करते. वजन दोन ते पाच किलो, शेपूट जवळजवळ अंगाइतकी लांब, तोंडावर काळसर पट्टा. दिवसभर झोपते, अंधार पडला की बाहेर पडते आणि पहाटे परतते. सातव्या मजल्यावरच्या सभासदांना संध्याकाळी साडेसात-आठला आणि पहाटे जे धप्प धप्प ऐकू येते ते हेच. उंदराचा आवाज हलका, खुडखुडीचा असतो आणि रात्रभर थांबून थांबून चालू राहतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार हा प्राणी संरक्षित आहे. या कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हे सगळे त्यात येते. पेस्ट कंट्रोलवाल्याचा परवाना कीटकनाशके वापरण्यापुरता असतो, वन्यप्राणी पकडण्याचा नव्हे. पिंजरा सोसायटीच्या सांगण्यावरून लागला, तर जबाबदारी समितीवरही येऊ शकते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पिंजऱ्याने काम होत नाही. शेडमधला पोटमाळा कोरडा, अंधारा आणि कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर आहे. एक उदमांजर नेले की काही दिवसांत दुसरे येईल, कारण वाट तीच आणि जागाही तीच. नेलेला प्राणी अनोळखी हद्दीत सोडला, की त्याला ना ढोली माहीत असते ना पाणी, आणि तिथली आधीची जनावरे त्याला टिकू देत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये घरांच्या छपरात शिरणाऱ्या पॉसम या झाडांवर राहणाऱ्या निशाचर प्राण्याबाबतचा नियम याच अनुभवातून आलेला आहे : पकडलेला पॉसम त्याच आवारात, पकडल्या जागेपासून 50 मीटरच्या आत सोडावा लागतो. तिथेही खरा उपाय म्हणजे छपराची भोके बंद करणे हाच मानतात.

दिवसा सिमेंट भरले तर प्राणी आत कोंडला जाईल, कारण दिवसा तो आतच असतो. मग तो एकतर पीओपी फोडून खालच्या फ्लॅटमध्ये उतरतो किंवा आत मरतो. मेल्यावर काही आठवडे दुर्गंधी राहते, सीलिंगच्या दिव्यांच्या फटींतून अळ्या पडतात आणि शेवटी पीओपी उतरवावेच लागते. आई बाहेर आणि पिल्ले आत अशी ताटातूट झाली, तर आई रात्रभर पत्रे उचकते. तिचे नखे-दात पाहता सिमेंटचा कच्चा गिलावा सकाळपर्यंत टिकणार नाही.

म्हणून पहिले तीन-चार दिवस फक्त पाहणीचे ठेवावेत. यासाठी पांढरी रांगोळी पुरते. प्रत्येक संशयित भोकाच्या तोंडाशी पुठ्ठा ठेवून संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा थर पसरावा आणि सकाळी सहाला, टेरेसवर कोणी जाण्याआधी पाहावा. पीठ वापरू नये, त्याला मुंग्या आणि उंदीर लागतात. उदमांजराच्या ठशात पाच बोटे उमटतात, मांजराच्या ठशात चार. ठसे आत जाणारे की बाहेर येणारे, तेही नोंदवावे. वॉचमनला फोटो काढायला सांगितले तरी चालेल, मात्र शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळतो.

आमच्या पाहणीनुसार बी विंगवर तपासण्याच्या जागा अशा : पन्हळी पत्रा कठड्याला टेकतो तिथल्या पन्हळीखालच्या मोकळ्या फटी; मोऱ्यांच्या डक्टचे वरचे तोंड, जिथली जाळी गंजून गेली आहे; लिफ्टच्या मशीन रूमची फुटकी झडप; आणि सातव्या मजल्यावर एक्झॉस्ट पंखा काढून तसेच सोडलेले गोल भोक. ज्यात मूठ जाते त्यात उदमांजर जाऊ शकते असे धरून चालावे. डोके गेले की अंग जातेच. ज्या भोकाच्या कडा तेलकट-काळ्या झाल्या आहेत ते रोजच्या वहिवाटीचे.

पुढचे काम हातात घेण्याआधी आत पिल्ले आहेत का, हे पाहणे सर्वात महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच घाईत राहून जाते. पिलावळ दोन ते पाचची असते आणि वर्षाच्या कोणत्याही महिन्यात होऊ शकते, म्हणून 'आता हंगाम नाही' हा अंदाज चालत नाही. आई बाहेर असताना आतून बारीक चिवचिवाट येत असेल, किंवा रांगोळीवर एकाच रात्रीत तीन-चार फेऱ्या दिसत असतील, तर पिल्ले आहेत असे समजावे. मग सुमारे तीन महिने, म्हणजे पिल्ले आईमागे स्वतः बाहेर पडू लागेपर्यंत, मुख्य भोकाला हात लावू नये. तोवर खाली सांगितलेली झाडांची आणि कचऱ्याची कामे उरकता येतील. सातव्या मजल्यावर आवाजाचा त्रास फारच असेल तर पोटमाळ्यात 9 वॅटचा एलईडी दिवा दिवसरात्र चालू ठेवावा. अंधार गेल्याने पुष्कळदा आई पिल्लांना तोंडात धरून स्वतःच हलवते. फिनाइल, डांबराच्या गोळ्या, मिरचीची धुरी यांतले काहीही वापरू नये. पिल्ले गुदमरतात, वास डक्टमधून फ्लॅटमध्ये येतो आणि मोठे जनावर दोन रात्रींत त्याला सरावते.

पिल्ले नाहीत अशी खात्री झाली की मुख्य भोक सोडून बाकीची सगळी भोके एका दिवसात बंद करावीत. मुख्य भोकावर एकेरी झडप बसवावी. फॅब्रिकेटरकडून 25 मिमी अँगलची 25 बाय 25 सेंटिमीटरची चौकट करून घ्यावी आणि तिच्यात वरून बिजागरीवर लटकणारा 3 मिमी पॉलिकार्बोनेटचा तुकडा लावावा, जो फक्त बाहेरच्या बाजूला उघडेल. पारदर्शक तुकडाच घ्यावा. पलीकडचा उजेड दिसला की जनावर न बिचकता ढकलते. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे झडप चौकटीच्या बाहेर येऊन टेकते. उदमांजराचे पंजे चांगले चालतात, ते बाहेरून कड धरून झडप उचलते. म्हणून झडप चौकटीत पूर्ण आत बसली पाहिजे आणि तिला आतल्या बाजूला पट्टीचा अडसर हवा. दुसरी म्हणजे बिजागरी गंजून झडप अर्धवट उघडी राहते. बिजागरी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी.

झडप बसवल्यावर तिच्या आतही रांगोळी टाकावी. सलग तीन रात्री आत एकही ताजा ठसा दिसला नाही, तरच शेड रिकामी झाली असे समजावे. जोराच्या पावसाच्या रात्री मोजू नयेत. अशा रात्री जनावर बाहेर न पडता आतच बसू शकते. चौथ्या दिवशी टॉर्च घेऊन पोटमाळा डोळ्यांनी पाहावा आणि मग झडप काढून कायमची जाळी ठोकावी.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. 12 मिमी चौकोनांची, 16 गेजची, गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी उदमांजर दातांनी उसवते, कबुतरांची नायलॉन जाळी उंदीर कुरतडतात आणि फोमचा भराव तर खेळण्यासारखा उपटला जातो. भोकापेक्षा जाळी चारही बाजूंनी 5 सेंटिमीटर मोठी कापावी आणि दर 15 सेंटिमीटरवर मोठा वॉशर घालून स्क्रू मारावा. खिळ्याने ठोकलेली जाळी पहिल्या पावसाळ्यात सैल होते. पन्हळीखालच्या फटींसाठी पत्र्याच्या नक्षीप्रमाणे कापलेली जाळी लागते. सिमेंट भरले तर पावसाचे पाणी अडून शेड गळेल. डक्टवर जाळी बसवताना प्लंबरला हात घालता यावा म्हणून एक बाजू बोल्टची ठेवावी, नाहीतर पहिल्याच गळतीला तो जाळी कापेल आणि तशीच सोडून जाईल. पाण्याच्या टाक्यांच्या झाकणांना कडी आणि ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी हेही याच वेळी करून घ्यावे.

आता वाटांविषयी. बी विंगच्या मागच्या आंब्याच्या दोन फांद्या कठड्याला टेकल्या आहेत. फांदी आणि इमारत यांत किमान दोन मीटर अंतर हवे. छाटणीसाठी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी आणि कामाआधी घरटी नाहीत ना, हे पाहून घ्यावे. ए आणि बी विंगमधून गेलेल्या केबल-ब्रॉडबँडच्या जाड जुडग्यावरूनही उदमांजर सहज येते. त्यातल्या बंद पडलेल्या वायरी काढायला केबलवाल्यांना लेखी कळवावे. पावसाच्या पाण्याच्या उभ्या पाइपांवर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा 60 सेंटिमीटरचा पट्टा पाइप आणि भिंत झाकेल असा बसवला, की तीही वाट बंद होते.

याच आंब्याच्या बुंध्यात जी ढोली आहे ती सिमेंटने भरण्याचा प्रस्ताव मागे आला होता. तो कृपया कायमचा रद्द करावा. शेड बंद झाल्यावर या जनावराला दिवसा झोपायला जागा हवी, आणि ती झाडावर असणे सगळ्यांच्या सोयीचे आहे. उदमांजर आवारातून जाऊ नये, फक्त इमारतीतून जावे, एवढेच आपल्याला साधायचे आहे. ते उंदीर, घुशीची पिल्ले, झुरळे खाते; वड-उंबराच्या बिया टेकडीवर पसरवते. फाटकाजवळच्या चिकूखाली पडलेली फळे मात्र माळ्याने अंधार पडण्याआधी उचलावीत.

उंदरांच्या विषाबद्दल स्वतंत्रपणे सांगणे गरजेचे आहे. सध्या आवारात रक्त पातळ करणाऱ्या विषाच्या निळ्या वड्या टाकल्या जातात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि नेमका तोच घुबड, धामण आणि उदमांजर यांच्या तोंडी लागतो. विष त्यांच्याही पोटात जाते. उंदीर खाणारेच मेले तर उंदीर कमी कसे होणार? वड्यांऐवजी झाकणाचे कचऱ्याचे डबे आणि ड्रेनेजच्या जाळ्या नीट कराव्यात. चिकट पॅड तर अजिबात नकोत. त्यांवर पाली, साप आणि पक्षीही अडकतात आणि ओढून काढताना सोलले जातात.

ओला कचरा रात्री दहानंतर बाहेर राहता कामा नये. मांजरांसाठी ठेवलेले खाणेही रात्री उचलावे. उरलेल्या अन्नावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आपली मागची भिंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर परिक्षेत्रापासून लांब नाही, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये बिबट्या ठाण्यात भर वस्तीतल्या मॉलपर्यंत आला होता. मागच्या बाजूचे बंद दिवे सुरू करणे आणि तिथले गवत घोट्याइतके ठेवणे, ही दोन कामे या आठवड्यातच व्हावीत. त्याने सापांचा प्रश्नही बराच सुटेल. साप निघाला तर वॉचमनने काठी घेऊ नये. लांबून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करावा. जखमी उदमांजर किंवा एकटे पडलेले पिल्लू दिसले तरी हाच क्रमांक. पिल्लाला दूध पाजू नये. पुठ्ठ्याच्या खोक्यात कापडावर ठेवून माणसांनी दूर व्हावे.

शेड रिकामी झाल्यावर साफसफाई कोरडा झाडू मारून करू नये. एन-95 मास्क आणि रबरी हातमोजे घालून विष्ठेवर एकास दहा या प्रमाणात पाणी घातलेले सोडियम हायपोक्लोराइट शिंपडावे, वीस मिनिटे भिजू द्यावे, मग खरवडून पिशवीत भरावे. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र वापरू नये, विषारी वायू होतो. वासाच्या खुणा राहिल्या तर दुसरे उदमांजर तिथेच येते, म्हणून तुळया आणि कठडाही पुसून घ्यावा. कामगाराला चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन रेबीजविरोधी लस सुरू करावी.

समितीने तीन गोष्टी मंजूर कराव्यात : पिंजऱ्याची नोटीस मागे घेणे, वेल्डमेश व झडपेचा खर्च दुरुस्ती निधीतून करणे, आणि पाहणीच्या काळात टेरेसची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून नोंदवहीत सही घेऊनच ती देणे. रांगोळीची पाहणी आम्ही करू आणि झडप बसवताना फॅब्रिकेटरसोबत उभे राहू. समितीच्या येत्या बैठकीत दहा मिनिटे मिळाली तर भोकांचे फोटो दाखवता येतील.

आपले,
बी विंगमधील सभासद
(सह्या)

सोबत : टेरेसचा हाताने काढलेला आराखडा, भोकांच्या खुणांसह, झडपेच्या मापांचे रेखाचित्र.