स्तंभालेखाचा पाया शून्यच हवा

मा. संपादक,
स.न.

कालच्या अंकात पहिल्या पानावर दहावीच्या 2025 च्या निकालाचा विभागवार स्तंभालेख पाहिला. कोकणचा स्तंभ थेट मथळ्याला टेकलेला आणि आमच्या नागपूर विभागाचा नखाएवढा. माझ्या आठवीतल्या नातवाने तो पाहून विचारले, "आजी, आपल्याकडची इतकी मुलं नापास झाली?"

आकडे आपणच छापलेत. कोकण 98.82 टक्के, नागपूर 90.78. पण उभा अक्ष सुरू केला 90 पासून. मग कोकणच्या वाट्याला 8.82 एवढी उंची आली आणि नागपूरच्या वाट्याला 0.78, म्हणजे अकरा पटींहून जास्त फरक. नऊ विभागांत नागपूर शेवटी आहे, ते लपवा असे माझे म्हणणे नाही. पण शंभरातली नव्वद मुले पास झाली, हे त्या चित्रात कुठे दिसते?

नातवाला आलेख कागद दिला. 1 सेमी = 10 टक्के असे प्रमाण उजव्या कोपऱ्यात लिहायला लावले. एक स्तंभ 9.9 सेमीचा आला, दुसरा 9.1 चा. मधले छोटे चौकोन त्याने बोटाने मोजले. आठ भरले.

मी एकतीस वर्षे गणित शिकवले. नववीतल्या एका मुलीचा प्रसंग अजून मनातून जात नाही. घटक चाचणीत तिने स्तंभालेख सुरेख काढला होता. पट्टी धरून, पेन्सिलीला टोक करून, दोन स्तंभांत सारखे अंतर ठेवून. फक्त Y-अक्ष 40 पासून धरला होता आणि तसे कुठे लिहिलेही नव्हते. मी दोन गुण कापले. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आली. "बाई, पेपरात असंच असतं, मग माझंच कसं चुकलं?" कात्रण आपल्याच दैनिकाचे होते. पेपरवाल्यांचेही चुकले, असे मी तिला सांगितले. तिला ते पटले नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होते. छापून आलेले चूक असते, यावर त्या वयात विश्वास कसा बसावा?

रेषालेखाचे वेगळे आहे. तिथे नजर रेषेच्या चढ-उतारावर असते, त्यामुळे अक्ष मधून सुरू केला आणि आरंभबिंदूपाशी तशी खूण केली तर चालते. स्तंभाची मात्र लांबीच वाचली जाते. बुंधा कापलात की लांबी खोटी झाली. हे आम्ही मुलांकडून पुन्हापुन्हा गिरवून घेतो, आणि सकाळी दारात पडणारा पेपर ते पुसून टाकतो. मुले हल्ली प्रकल्पासाठी संगणकावर आलेख काढतात. अक्ष कुठून सुरू झाला विचारले तर त्यांना सांगता येत नाही, कारण तो त्यांनी ठरवलेलाच नसतो. आपल्याकडेही तसेच झाले असावे.

आणखी एक. अक्षावरचे आकडे इतक्या फिकट करड्या रंगात होते की तो 90 मला भिंगातून पाहावा लागला. माझ्या वयाचे वाचक आपल्याकडे कमी नाहीत.

हाच आलेख शून्यापासून काढून, पहिल्याच पानावर, तेवढ्याच जागेत पुन्हा छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, वर्धा