पाण्याची गोष्ट राहून गेली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाळवंटातल्या नाट्यपूर्ण चित्रपटांवर लेख आला आहे. लेखकाने सिनेमे मन लावून पाहिलेत, हे कळते. पण लेखभर कौतुक आहे ते वाळूचे. तिच्या लाटा, तिचा सोनेरी रंग, तिची शांतता. मी आखातात चौदा वर्षे पाइप फिटर म्हणून काढली, त्यातली चार शहरापासून दूर कॅम्पात. तिथे वाळू बघायला कोणी खोलीबाहेर येत नसे. पाण्याचा टँकर आला की मात्र झोपलेलेही उठून येत. आणि तो सोनेरी रंग सकाळ-संध्याकाळचा. दुपारी सगळे पिठाच्या गिरणीत असावे तसे पांढुरके, डोळे उघडवत नाहीत. कॅमेरावाले त्या वेळी बहुधा जेवायला जात असावेत.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मधला ओमर शरीफचा प्रवेश लेखकाने बरोबर निवडला आहे. क्षितिजावर एक काळा ठिपका थरथरतो आणि बघता बघता त्याचा उंटस्वार होतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी त्यासाठी मुद्दाम खूप लांब पल्ल्याची लेन्स वापरली होती. लेख मात्र मृगजळापाशीच थांबतो. इंग्रज अधिकारी लॉरेन्सचा वाटाड्या तफास तिथे विहिरीचे पाणी शेंदून प्यायलेला असतो आणि तो येणारा स्वार त्याला गोळी घालून ठार करतो, हे त्यात नाहीच. विहीर हारिथ टोळीची आणि तफास दुसऱ्या टोळीचा, एवढाच गुन्हा. मारणाऱ्याच्या लेखी त्या माणसाला काही किंमत नाही, किंमत विहिरीला. हा प्रसंग आपल्याला परका वाटायचे कारण नाही. महाडचे चवदार तळे आमच्या चिपळूणहून तसे जवळच आहे.

‘लॉरेन्स’चा काही भाग जॉर्डनमधल्या वादी रम या वाळवंटी खोऱ्यात चित्रित झाला. त्याच परिसरात २०१४ साली आलेला ‘थीब’ हा जॉर्डनचा चित्रपटही चित्रित झाला. लेखात त्याचे नावसुद्धा नाही, याचे आश्चर्य वाटले. दिग्दर्शक नाजी अबू नोवार यांनी त्यात बहुतेक भूमिका कधी अभिनय न केलेल्या बेदूइन, म्हणजे वाळवंटातल्या अरब टोळ्यांच्या लोकांना दिल्या. काळ तोच पहिल्या महायुद्धाचा, १९१६. इंग्रज अधिकारी इथेही येतो, पण गोष्ट त्याची नाही. त्याला वाट दाखवायला निघालेल्या भावामागून गुपचूप आलेल्या पोराची आहे. आणि ही मंडळी निघालेली असतात कुठे, तर एका जुन्या विहिरीकडे. लुटारूंच्या हल्ल्यात भाऊ मारला जातो आणि पोरगा विहिरीत पडतो, म्हणून वाचतो. पुढे त्याला साथ करावी लागते ती मारेकऱ्यांपैकीच एका जखमी माणसाची. हा लुटारू पूर्वी हज यात्रेकरूंना वाट दाखवणारा होता. दमास्कस ते मदिना रेल्वे १९०८ साली सुरू झाली आणि उंटांवरच्या त्या वाटेचे महत्त्व सरले. एका रुळाने किती घरांच्या चुली विझल्या, हे भाषणबाजी न करता समजते. हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला होता, तेव्हा अगदीच अडगळीतला नाही.

राजस्थानवर लेखात दोन परिच्छेद आहेत, पण अमोल पालेकरांच्या ‘पहेली’ला (२००५) एक ओळसुद्धा नाही. मराठी पुरवणीत! राजस्थानी लेखक विजयदान देथांची, नवरीच्या प्रेमात पडलेल्या भुताची हीच कथा मणी कौल यांनी १९७३ साली ‘दुविधा’मध्ये अगदी अबोलपणे मांडली होती. पालेकरांनी तिला रंग आणि गाणी दिली. मला स्वतःला ‘दुविधा’ जास्त आवडतो, पण तो घरातल्या कोणाला शेवटपर्यंत बघायला लावणे मला जमलेले नाही. दोन्हींत शेवटी भुताला कोंडतात ते पाणी ठेवायच्या चामडी पिशवीत. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या गोष्टीत ही युक्ती सुचली असती, असे वाटत नाही. ‘लेकिन’ही राहिला. निर्मिती लतादीदींची, संगीत हृदयनाथांचे, वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथैया यांची. त्यातल्या रेवाच्या भटकत्या आत्म्याला तर एवढेच हवे असते की कोणी तरी तिला ही रेती पार करून द्यावी.

आता ‘आडुजीवितम’ (२०२४) या मल्याळम चित्रपटाबद्दल. लेखात नायक नजीबच्या भूमिकेसाठी पृथ्वीराजने किती वजन घटवले याचेच वर्णन आहे. पण आखातात कामाला गेलेला हा नजीब गावी काय करायचा? नदीत बुड्या मारून वाळू काढायचा. आमच्या खाडीत हातपाटीने वाळू काढणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दिवसभर पाण्यात राहून त्यांच्या हातापायांची कातडी पांढरी पडते. तसा माणूस शेळ्या राखायला अशा ठिकाणी नेऊन टाकला जातो, जिथे वाळूला अंत नाही आणि पाणी मिळेल ते मोजून. बेन्यामिन यांच्या मूळ कादंबरीत तो शौचाला पाणी घेतो म्हणून मालकाचा मार खातो. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझ्यावर तशी वेळ आली नाही, माझा ठेकेदार त्या मानाने बरा होता. पण टँकर दोन दिवस आला नाही तर बादलीवरून माणसे कशी भांडतात, तेही एकाच तालुक्यातली माणसे, ते मी पाहिले आहे.

एक दुरुस्ती. लेखातल्या छायाचित्राखाली ‘निर्जन वादी रम’ असे छापले आहे. तिथे बेदूइन पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गाव आहे, शाळेत जाणारी मुले आहेत. तेवढा ‘निर्जन’ शब्द पुढच्या रविवारी काढावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिपळूण