‘सर्व्हर इल्ला’ म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न.

जमिनीच्या उताऱ्यासाठी गेल्या पंधरवड्यात एका सरकारी कचेरीत मी तीन हेलपाटे घातले. तिन्ही वेळा खिडकीतून एकच वाक्य आलं : ‘मावशी, सर्व्हर इल्ला, नाळे बन्नी.’ म्हणजे कानडीत : सर्व्हर नाही, उद्या या. माझ्यामागे जांबोटीकडून आलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी विचारलं, ‘इल्ला म्हंजे? मोडलाय का कुठं गेलाय?’ रांगेतले लोक हसले. मला मात्र प्रश्न चोख वाटला. उमेदीची चार वर्षं मी त्याचंच उत्तर लिहीत होते.

१९८९ साली शहापुरातून मी बेंगळूरला नोकरीला गेले. आमच्या कंपनीच्या यंत्रावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, चालायची, पण तिला दुसऱ्या यंत्राशी बोलता येत नव्हतं. बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत १९८३ सालीच सॉकेट (प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणारी खुंटी) आणि टीसीपी/आयपी (यंत्रांनी आपसात बोलण्याचे नियम) आलं होतं. तसलं काही आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे युनिक्सच्या गाभ्यात, बसवायचं काम आम्हा चौघांकडे होतं. माझ्या वाट्याला सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा भाग आला : जोडणी झाली नाही, तर का झाली नाही ते सांगणं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरचं यंत्र जागं आहे, पण त्या दाराशी कोणी बसलेलं नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाका मारल्या, ओ आली नाही. ‘नेटवर्क अनरीचेबल’ म्हणजे तिकडे जायची वाटच आपल्याला ठाऊक नाही.

पहिल्यांदा टेलनेट, म्हणजे दूरच्या यंत्रावर काम करू देणारा प्रोग्राम, लावलं तेव्हा ‘रिफ्यूज्ड’ आलं. म्हणजे तार, कार्ड, पत्ता सगळं ठीक, दार तेवढं चुकलं. टेलनेटचं दार २३ नंबरचं, आणि आम्ही ठोठावत होतो ५८८८. दाराचा नंबर दोन बाईटांत, म्हणजे दोन तुकड्यांत, ठेवलेला असतो. आमचं यंत्र संख्येचा धाकटा बाईट आधी ठेवायचं, नेटवर्कचा दंडक मात्र थोरला आधी. तुकडे उलटे वाचले की २३ चे ५८८८ होतात. आपण मराठीत ‘तेवीस’ म्हणतो, तीन आधी. कानडीत ‘इप्पत्तमूरु’, वीस आधी. बेळगावच्या बाजारात वाढलेल्या मुलीला हे लगेच सुचायला हवं होतं, पण दीड दिवस गेला.

दुसऱ्या एका सकाळी अख्खा मजला बंद. कुठेही जोडायला जावं, तर सव्वा मिनिट वाट पाहून ‘टाइम्ड आउट’. तेव्हा सगळी यंत्रं एकाच कोॲक्स केबलवर ओवलेली असत आणि तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमच्या टोप्या, टर्मिनेटर, लागत. टोक उघडं पडलं की संदेश तिथून उलटून येतो आणि सगळ्यांच्या बोलण्यात कालवाकालव करतो. कुणीतरी टेबल सरकवलं होतं. ती अंगठ्याएवढी टोपी मी साडी खोचून टेबलांखाली रांगत शोधली. सर्व्हर बिचारा खडखडीत चालू होता!

परवा मी खिडकीतून वाकून कारकुनाचा पडदा पाहिला. नुसतं चक्र फिरत होतं. त्याला तरी काय ठाऊक असणार? दोष आमच्या जातभाईंचा, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा. खाली ऑपरेटिंग सिस्टीम आजही कारण वर पाठवते. वरचा प्रोग्राम ते गिळून टाकतो आणि चक्र फिरवत बसतो.

तेव्हा संबंधितांना विनंती, की पडद्यावर ते कारण दिसू द्या आणि खिडकीवर लिहून लावा : इथलं यंत्र बिघडलंय, लाइन गेलीय, की बेंगळूरच्या सर्व्हरकडून उत्तर येत नाही. लाइन गेली असेल तर तासाभरात येईलही, माणूस चहा पिऊन थांबेल. बेंगळूरचंच बंद असेल तर जांबोटीची बस तरी गाठेल. पाटीच्या भाषेचा वाद आपल्याकडे जुना आहे, त्यात मी शिरत नाही. कानडी आणि मराठी दोन्हींत लिहिलं तर आजोबांना मला विचारावं लागणार नाही.

उतारा अजून मिळालेला नाही. गुरुवारी पुन्हा जाणार आहे.

– एक निवृत्त सॉफ्टवेअर अभियंता, शहापूर, बेळगाव