संरक्षणमंत्री साहेब, भूल द्यायला आमच्या नर्सिंग ऑफिसर्सना शिकवा

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार,

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडलेली नर्स आहे, मूळ सातारा जिल्ह्यातली, आणि माझी बहुतेक सर्व्हिस ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतच गेली. आता अंगावर युनिफॉर्म नाही म्हणून उघडपणे लिहू शकतेय, ज्या मुली आत आहेत त्यांना असं लिहिता येत नाही. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या (एमएनएस) निवडक नर्सिंग ऑफिसर्सना भूल द्यायचं पूर्ण, रीतसर ट्रेनिंग द्या, कडक परीक्षा घ्या, डिग्री द्या आणि मग ते काम त्यांना अधिकाराने करू द्या.

थिएटर आतून न बघितलेल्या माणसाला वाटतं की भूल म्हणजे एक इंजेक्शन दिलं, पेशंट झोपला, झालं. तसं नसतं हो. समजा पोटात गोळी लागलेला जवान टेबलवर आलाय, वरचं प्रेशर 70 वर आलंय, आणि तासाभरापूर्वी तो जेवलेला आहे. नेहमीच्या डोसमध्ये प्रोपोफॉल हे झोपेचं औषध दिलं तर उरलंसुरलं प्रेशरही जाईल, म्हणून प्रेशर कमी पाडणारं केटामिन काढायचं आणि तेही हात आखडून, स्नायू ढिले करणारं स्कोलीन दुसऱ्या सिरिंजमध्ये लेबल लावून तयार, सक्शन चालू करून उशीखाली ठेवलेलं, एकाने गळ्यावर क्रिकॉइड (श्वासनलिकेच्या वरचं कूर्चेचं कडं) दाबून धरायचं कारण पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर गोळीतून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जाईल. स्कोलीन गेलं की मिनिटाच्या आत श्वास थांबतो. मग लॅरिंगोस्कोपने घसा बघून श्वासनलिकेत ट्यूब घालायची, तिच्या टोकाचा फुगा म्हणजे कफ फुगवायचा, आणि सगळ्यांची नजर मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडच्या ग्राफकडे. ग्राफ आला तर ट्यूब श्वासनलिकेत आहे, नाही आला तर लगेच बाहेर काढायची, वाद घालायचा नाही.

यातली कितीतरी तयारी आजही नर्सिंग ऑफिसर आणि ओआरए (ऑपरेशन रूम असिस्टंट) करतात. अनुभवी सिस्टरला पुढच्या अर्ध्या मिनिटात काय लागणार ते डॉक्टरांनी मागायच्या आधी कळतं. पण निर्णय तिचा नाही, तो घ्यायचं शिक्षणही तिला मिळालेलं नाही, आणि माझं दुखणं नेमकं इथे आहे.

एका लहान हॉस्पिटलमध्ये, नाव सांगत नाही, आमच्याकडे एकच सर्जन आणि भूल देणारे एकच अ‍ॅनेस्थेटिस्ट होते. रात्री गाडी दरीत गेली आणि दोन सिरियस जवान एकदम आले. भूल देणारे सर पहिल्याच्या डोक्याशी, टेबल सोडून हलायची सोय नाही. दुसऱ्याला हेड इंज्युरी, जीभ मागे पडून श्वास अडकत होता. मी जबडा पुढे ओढून मास्क घट्ट धरला आणि हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबत राहिले, सर पलीकडून ओरडून विचारायचे सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किती, मी सांगायचे. हात सुन्न झाले पण सर मोकळे होईपर्यंत सॅच्युरेशन पडू दिलं नाही. तो वाचला. पण मला ट्यूब टाकायला शिकवलेलं असतं, आणि टाकायचा अधिकार असता, तर त्या मुलाला तेवढा वेळ मास्कवर काढावा लागला नसता. हॉस्पिटलला दोष द्यायचा तरी कसा, त्यांना माणूसबळ जेवढं मंजूर तेवढंच होतं.

ही मागणी मी हवेतून आणलेली नाही. माझी एक जुनी मैत्रीण लग्नानंतर अमेरिकेला गेली, तिथे आयसीयूत काम करून नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट झाली, सिव्हिल हॉस्पिटलमध्येच आहे, पण तिच्यामुळे तिकडच्या सैन्याची पद्धत मला नीट समजली. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला फोर्ट सॅम ह्यूस्टन आहे, तिथे यूएस आर्मीचा स्वतःचा कोर्स चालतो, बेलर युनिव्हर्सिटीबरोबर, साधारण 3 वर्षांचा, शेवटी डॉक्टरेट मिळते. नर्सिंगची डिग्री आणि क्रिटिकल केअरचा अनुभव असल्याशिवाय प्रवेश नाही. आधी वर्गात फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी असं सगळं घोटून घेतात आणि नंतर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष केसेस. शिकताना ऑफिसरचा पगार चालू राहतो आणि बदल्यात ठराविक वर्षं सर्व्हिस द्यावी लागते. त्यांची 20 जणांची फॉरवर्ड सर्जिकल टीम असायची, त्यात सर्जन डॉक्टर, पण भूल द्यायला दोन नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट. लढाईच्या जागेपासून जवळच्या तंबूत या नर्सेसनी भूल दिलेली आहे. आणि हे आजकालचं नाही, पहिल्या महायुद्धात 1915 च्या सुमारास अ‍ॅगाथा हॉजिन्स नावाची नर्स पॅरिसजवळच्या हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांना नायट्रस ऑक्साइडची भूल देत होती आणि डॉक्टरांनाही ती शिकवत होती. पुढे 1931 साली तिनेच अमेरिकेतल्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टची संघटना उभी केली.

आपली सर्व्हिस तर त्याहून जुनी. 1888 साली मुंबई बंदरात दहा नर्सेस उतरल्या आणि सुरुवात झाली, 1926 मध्ये इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस झाली, 1943 च्या ऑर्डिनन्सने ऑफिसरचा दर्जा मिळाला. खांद्यावर स्टार आहेत साहेब, पण हातातल्या कामाची हद्द तिथेच राहिली.

अ‍ॅनेस्थेटिस्ट डॉक्टरांचा याला विरोध होणार हे मला माहीत आहे आणि त्यांची भीती खोटी नाही. भूल ही अशी गोष्ट आहे की सगळं नीट चाललेलं असताना दोन मिनिटांत माणूस जातो. म्हणूनच मी अर्धवट काही मागत नाहीये, चार आठवड्यांचं सर्टिफिकेट नको, ते खरंच घातक ठरेल. पण डॉक्टरांची कमतरता असल्यावर सरकारने मार्ग काढलेच आहेत ना. बाळंतपणाच्या इमर्जन्सीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांत भूल द्यायला शिकवायची योजना आपल्याच सरकारने काढली. नर्सेससाठी क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा 2 वर्षांचा मास्टर्स कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलनेच आणलाय. मिडवायफरीत नर्सेसना 18 महिन्यांचं जादा ट्रेनिंग देऊन बाळंतपणं सोपवायचं धोरणही आलंय. मग लष्करी हॉस्पिटलमध्ये, जिथे शिस्त आहे, रेकॉर्ड आहे, वरिष्ठांची देखरेख आहे, तिथे हा प्रयोग का होऊ नये?

पुण्यात एएफएमसीचा (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) अ‍ॅनेस्थेसिया विभाग आहे, त्याच आवारात नर्सिंग कॉलेज आहे. थिएटर किंवा आयसीयूत किमान 3 वर्षं काढलेल्या दहा-बारा ऑफिसर्सची पहिली बॅच घ्या. 2 वर्षांचा रेसिडेन्शियल कोर्स ठेवा, लॉगबुकमध्ये प्रत्येक केस अ‍ॅनेस्थेटिस्टच्या सहीने, आणि शेवटची परीक्षाही त्यांनीच घ्यायची. पास झालेल्यांना सुरुवातीला मोठ्या कमांड हॉस्पिटलमध्ये स्पेशालिस्टच्या हाताखाली ठेवा, निकाल मोजा, गुंतागुंती किती झाल्या ते उघड लिहा, आणि आकडे चांगले आले तरच दुर्गम भागातल्या हॉस्पिटलला पाठवा. कायद्यात यासाठी जागा करावी लागेल, ते काम आपलं आणि आरोग्य मंत्रालयाचं.

आणि एक, कोर्स केलेल्या मुलीला परत जनरल वॉर्डच्या ड्युटीला लावू नका. स्पेशल ट्रेनिंग घेतलेल्या मुलींची तिसऱ्याच ठिकाणी पोस्टिंग होते आणि शिकलेलं दोन वर्षांत विसरायला होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. भूल देणाऱ्याचा हात रोज चालता राहिला पाहिजे, म्हणून पोस्टिंगचा नियम कोर्सच्या ऑर्डरमध्येच लिहून टाका. नंतर वेगळं पत्र काढू म्हटलं की ते निघत नाही.

डायरेक्टर जनरल एएफएमएस (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख) आणि एडीजी एमएनएस (आमच्या नर्सिंग सर्व्हिसच्या प्रमुख) या दोघांना एकत्र बसवून सहा महिन्यांत याचा प्रस्ताव मागवा, एवढी विनंती आहे. त्या समितीत थिएटरमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या, कॅप्टन-मेजर रँकच्या दोन नर्सिंग ऑफिसर तरी असू द्या.

आपली नम्र,
मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची एक माजी ऑफिसर
सातारा