नैराश्य आणि बी-१२

महोदय,

माझी थोरली बहीण रोजचे पर्वती चढणे सोडून खिडकीशी गप्प बसू लागली, ते आम्ही वयावर ढकलले. तळपायांना मुंग्या येऊ लागल्यावर केलेल्या रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व मिलिलिटरमागे १४० पिकोग्रॅम निघाले, म्हणजे २०० या रूढ मर्यादेच्या बरेच खाली. हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते आणि आमच्या घरात अंड्याचे नाव काढायची सोय नाही, त्यात मधुमेहासाठी १० वर्षे मेटफॉर्मिन. हे औषध बी-१२चे शोषण घटवते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

बी-१२ व फोलेट (बी गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) कमी असलेल्या प्रौढांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, पण तेवढ्याने कारण सिद्ध होत नाही, कारण खचलेल्या माणसाचे जेवणही तुटते. म्हणून मानसोपचार थांबवू नयेत. मात्र अशा रुग्णांची, विशेषतः शाकाहारी ज्येष्ठांची, ही तपासणी डॉक्टरांनी आवर्जून करावी.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे