रंग दिला म्हणून लाकूड खोटं होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाताने बनवलेल्या लाकडी पेनांबद्दल हल्ली बरंच लिहिलं जातं, ते वाचून छानच वाटतं, पण रंगाचा विषय निघाला की बहुतेक जण एकच म्हणतात, रंग लावला म्हणजे लाकडाचा जीव गेला. हे मला अजिबात पटत नाही, कारण डाय आणि पेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेंट लाकडाच्या वर थर करून बसतो आणि रेषा झाकतो. डाय पाण्यात नाहीतर स्पिरिटमध्ये विरघळलेला असतो, तो आत मुरतो, त्यामुळे रेषा झाकल्या जात नाहीत, उलट उठून दिसतात. लहरी नक्षीचं मेपलचं लाकूड घ्या, लेथवर (लाकूड फिरवून गोल कापायच्या यंत्रावर) फिरवलं, बारीक सँडपेपर मारला तरी फिकटच दिसतं. त्यावर आधी काळा डाय लावायचा, वाळला की ४०० नंबरच्या पेपरने वरचा काळा काढून टाकायचा, जिथे तंतू वळलेत तिथे तो खोल गेलेला असतो तो तसाच राहतो, आणि मग वरून निळा किंवा लाल दिला की पेन बोटांत फिरवताना ती लहर हलल्यासारखी दिसते. याला जीव गेला म्हणायचं?

मेहनतही काही कमी नाही हो. पाण्यातला डाय लावला की तंतू उभे राहतात, हाताला खरखरीत लागतं, म्हणून आधी नुसत्या पाण्याने ओलं करून, वाळवून, हलका पेपर मारून घ्यावा लागतो. स्पिरिटमधला डाय झटकन वाळतो पण त्यावर ब्रशने शेलॅक (स्पिरिटमध्ये विरघळवलेलं लाखेचं पॉलिश) दिलं तर शेलॅकमधलं स्पिरिट रंग परत ओढून घेतं आणि सगळं फरफटतं. सागवान, शिसवी अशा तेलकट लाकडात डाय नीट मुरतच नाही. आणि शेवटी सुपरग्लू किंवा लॅकर (पारदर्शक लेप) यांचे पातळ हात द्यायलाच हवेत, नाहीतर घामाने रंग बोटांना लागतो.

पेंटला माझा विरोध नाही, ज्या लाकडात दाखवण्यासारखं काहीच नाही तिथे खुशाल द्यावा.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. साध्या फिकट लाकडाला काळा डाय मारून ते एबनी, म्हणजे मुळातच काळं असलेलं महाग लाकूड, म्हणून विकतात, ही सरळ फसवणूक आहे, आणि अशाच लोकांमुळे रंगवलेल्या सगळ्याच पेनांकडे लोक संशयाने बघतात. दुसरं म्हणजे बरेच डाय उन्हात फिके पडतात, विशेषतः भडक रंग, हे विकताना कुणी सांगतच नाही, मग पेन खिडकीपाशी ठेवलेलं असतं आणि वर्षभरात जांभळ्याचं राखाडी झालं की दोष लाकडाला! पेनासोबत एक चिठ्ठी द्यावी, लाकूड कोणतं, डाय की पेंट, वर फिनिश कसलं, आणि उन्हात ठेवू नका. चार ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि घेणाऱ्यांनीही हे न लाजता विचारावं, ज्याने स्वतः रंगवलंय तो आनंदाने सांगेल.

आपला,
लाकडी पेनं बनवणारा एक वाचक